झेपलिनचा शेवटचा अल्बम खरंच मऊ पडला का?

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'इन थ्रू द आउट डोर' या १९७९च्या अल्बमवर ऐकणाऱ्यांचं एकमत का होत नाही, असा प्रश्न आहे. एक गट म्हणतो, सिंथेसायझर आला आणि झेपलिन मऊ पडलं. दुसरा म्हणतो, सगळ्यात जास्त हिंमत त्यांनी इथेच दाखवली. यातलं खरं काय, आणि आज पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कशाकडे लक्ष द्यायचं? मी बरीच वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं काम करतो, तेव्हा उत्तर त्या बाजूने देतो.

आधी थेट सांगतो. तक्रार करणाऱ्यांना जे खटकतं ते या अल्बममध्ये आहेच, पण बोट भलत्याच वाद्याकडे दाखवलं जातं. सिंथेसायझरने अल्बम बिघडवला नाही. बदललं ते हे, की गाणं कुणाच्या हातून सुरू होतं. आणि जिथे अल्बम खरोखर कमी पडतो, तिथे दोष मिक्सचा, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवण्याचा, आहे.

पहिला मुद्दा समजायला आधीचा अल्बम शेजारी ठेवावा लागतो. १९७६चा 'प्रेझेन्स' म्हणजे सगळी गिटारच. त्यात कीबोर्ड औषधालाही नाही. सातपैकी सहा गाण्यांवर फक्त गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांची नावं आहेत. बास आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सचं नाव एकाच गाण्यावर, तेही चौघांच्या यादीत. आता 'इन थ्रू'चं लेबल वाचा. इथेही सात गाणी, आणि जोन्सचं नाव त्यातल्या सहांवर. 'साउथ बाउंड सॉरेझ' आणि 'ऑल माय लव्ह' या दोन गाण्यांच्या श्रेयात तर पेजचं नावच नाही. झेपलिनच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. बँड पेजने उभा केला, प्रत्येक अल्बमचा निर्माता तोच, आवाजाची कल्पनाही त्याचीच. साडेतीन वर्षांत कारभार एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि ते कानाला लगेच कळतं. गिटारच्या रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर, बांधलेलं गाणं आणि कीबोर्डच्या सुरावटीवर बांधलेलं गाणं यांची हाडंच वेगळी असतात. रिफमध्ये मधल्या मोकळ्या जागा महत्त्वाच्या असतात, कारण त्या जागांत ड्रम बोलतो. धरलेल्या स्वरांचा कीबोर्ड त्या जागा भरून टाकतो. ज्यांना झेपलिन म्हणजे पेजचा रिफ आणि ड्रमर जॉन बॉनमचा घाव यांच्यामधली ती फट प्रिय आहे, त्यांना इथे काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. ते बरोबरच आहे. फक्त त्यावर 'मऊ' हा शब्द बसत नाही. 'भरलेला' म्हणता येईल.

हे असं का झालं, याची कारणं साधी आणि दुःखद आहेत. जुलै १९७७मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा करॅक आजारपणात गेला. दौरा तिथेच थांबला आणि बँड जवळजवळ वर्षभर गप्प राहिला. पुन्हा एकत्र आले ते १९७८च्या अखेरीस, स्टॉकहोममध्ये, आबा या स्वीडिश पॉप बँडच्या पोलर स्टुडिओत. सोमवारी जायचं, शुक्रवारी घरी परतायचं, असं काही आठवडे चाललं. पेज आणि बॉनम तेव्हा व्यसनांत अडकलेले होते. जोन्सने पुढे सांगितलं आहे की तो आणि प्लांट वेळेवर स्टुडिओत हजर असायचे आणि बाकीचे दोघे बऱ्याचदा रात्री उशिरा उगवायचे. स्टुडिओत ज्याने काम केलं आहे त्याला यापुढचं सांगावं लागत नाही. जो आधी येतो त्याच्या कल्पनेवर पहिला ट्रॅक पडतो, आणि पहिला ट्रॅक पडला की गाण्याचा साचा ठरून जातो. नंतर येणारा कितीही मोठा वादक असो, तो त्या साच्यात भर घालतो; साचा मोडून नवा करायला वेळ आणि ताकद दोन्ही लागतं.

त्यात जोन्सकडे नवं वाद्य होतं, यामाहाचा जीएक्स-१ हा सिंथेसायझर. आज खिशातल्या फोनवर सिंथेसायझर चालतो, त्यामुळे हे किती अवाढव्य प्रकरण होतं याची कल्पना येत नाही. एकावर एक कीबोर्डच्या पट्ट्या, खाली पायांनी वाजवायची पेडलं, आणि एकाच वेळी अनेक सूर धरण्याची क्षमता, जी त्या काळातल्या बहुतेक सिंथेसायझरना नव्हती. माणूस एकटा बसला तरी बास, स्वरसमूह आणि वरची सुरावट असं सगळं एकदम ऐकू शकत होता. संगीतरचना करणाऱ्याला असं वाद्य मिळालं की तो गिटारवादकाची वाट बघत बसत नाही.

पण 'झेपलिनमध्ये सिंथेसायझर कुठून आला' असं जे विचारतात, त्यांना मी जुने अल्बम पुन्हा लावायला सांगतो. १९७३चं 'नो क्वार्टर' हे गाणं जोन्सच्या इलेक्ट्रिक पियानोवरच उभं आहे. १९७५च्या 'ट्रॅम्पल्ड अंडर फूट'मध्ये क्लॅव्हिनेट हा तुटक आवाजाचा इलेक्ट्रिक कीबोर्ड गिटारच्या बरोबरीने पळतो. 'इन द लाइट'ची सुरुवात सिंथेसायझरच्या लांब स्वराने होते, आणि 'कश्मीर'च्या भव्यपणात मेलोट्रॉनचा, म्हणजे टेपवरचे वाद्यांचे आवाज वाजवणाऱ्या कीबोर्डचा, वाटा किती आहे ते तो काढून टाकल्याशिवाय कळणार नाही. जोन्स पहिल्यापासून तिथे होता. या वेळी तो पुढच्या रांगेत आला, एवढंच.

आता गाण्यांकडे वळतो. सगळ्यांवर सारखं बोलण्यात अर्थ नाही, कारण ती सारख्या वजनाची नाहीत.

'कॅरूसेलांब्रा' हे वादाचं केंद्र. साडेदहा मिनिटं, तीन भाग. पहिला भाग सुसाट: सिंथेसायझरची चकाकणारी, पितळी आवाजाची सुरावट, खाली जोन्सचाच धावता बास. दुसरा भाग एकदम संथ आणि काळोखा. इथे पेज दोन मानांची गिटार घेतो आणि तारा एकेक करून सोडतो. तिसऱ्या भागात सिंथेसायझर ठेक्याला चिकटून नाचायला लागतो. रचना म्हणून हे अतिशय धीट आहे, आणि तिन्ही भागांत बॉनम ज्या शिस्तीने गाडी हाकतो त्याला तोड नाही. तरीही कितीतरी लोक दुसऱ्या मिनिटाला कंटाळतात. का? कारण प्लांट काय गातोय ते कळतच नाही.

हे मी मिक्सिंगच्या भाषेत उलगडून सांगतो. माणसाच्या आवाजातले शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची धार साधारण दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. पितळी वळणाचा सिंथेसायझर नेमका त्याच पट्ट्यात चमकतो. दोघं एकाच जागेवर बसले की एकाला उठवावं लागतं. एक तर वाद्याचा तो भाग थोडा कापायचा, नाहीतर गाण्याच्या ओळींवर वाद्य खाली घ्यायचं, नाहीतर आवाजाला मधोमध ठेवून वाद्य दोन्ही कडांना सारायचं. 'कॅरूसेलांब्रा'त यातलं पुरेसं काहीच झालेलं नाही. आवाज वाद्यांच्या भिंतीमागे उभा आहे. आणि याची खंत सर्वांत जास्त प्लांटलाच आहे. त्या शेवटच्या वर्षांतल्या झेपलिनची सगळी गोष्ट या गाण्यात आहे आणि तिचे शब्दच ऐकू येत नाहीत, अशा अर्थाचं तो पुढे बोललेला आहे. गायकच असं म्हणत असेल, तर ऐकणाऱ्याला 'तुझा कान तयार नाही' म्हणणं अन्याय आहे. हे गाणं रचनेत पास आहे आणि मिक्समध्ये नापास आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. शब्द आधी वाचून घ्या आणि मग ऐका; गाणं पूर्ण वेगळं लागतं.

'फूल इन द रेन'बद्दल मात्र कुणाशीही वाद घालायला मी तयार आहे. या अल्बमला ज्यांनी एकदम निकालात काढलं त्यांनी हे गाणं ड्रमच्या अंगाने ऐकलेलं नसतं. यातला ठेका म्हणजे अर्ध्या लयीचा शफल, जो अमेरिकी ड्रमर बर्नार्ड पर्डीच्या नावाने ओळखला जातो. प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करा. हाय-हॅट, म्हणजे एकमेकांवर मिटणाऱ्या दोन झांजा, पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यावर वाजतो. मधला तुकडा स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवरच्या अगदी हलक्या, जेमतेम जाणवणाऱ्या टोल्यांनी भरला जातो. त्यांना ड्रमर घोस्ट नोट म्हणतात. स्नेअरचा खरा घाव चार मात्रांत एकदाच पडतो, तिसऱ्या मात्रेवर. त्यामुळे वरून सगळं धावतंय असं वाटतं आणि आत लय निवांत असते. बॉनमने यात हाय-हॅट क्षणभर उघडून लगेच मिटायची जागा अशी निवडली आहे, की प्रत्येक आवर्तनाला एक श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. हातोड्यासारखा वाजवणारा म्हणून ज्याची ख्याती, तो इथे बोटांच्या टोकांनी वाजवतोय. हलके टोले आणि मोठा घाव यांच्या आवाजातला फरक कॉम्प्रेशनने, म्हणजे लहानमोठे आवाज एका पातळीला आणणाऱ्या प्रक्रियेने, चिरडला असता तर ठेका मेला असता. इथे तो शाबूत ठेवलाय, त्याबद्दल स्टुडिओतल्या माणसांना दाद द्यायला हवी.

मग अडीच मिनिटांच्या सुमारास शिट्ट्या वाजतात आणि गाणं सांबा या ब्राझिलियन नाचाच्या ठेक्यात शिरतं. १९७८चा फुटबॉल विश्वचषक अर्जेंटिनात झाला होता, आणि त्या सामन्यांच्या वेळचं लॅटिन संगीत प्लांटच्या कानात बसलेलं होतं. अनेकांना हा भाग उपरा वाटतो. मला तो गाण्याच्या गोष्टीत चपखल वाटतो. गाण्यातला माणूस पावसात कुणाची तरी वाट बघत उभा आहे, त्याच्या मनाची घालमेल वाढत जाते आणि शेवटी कळतं की तो चुकीच्याच कोपऱ्यावर उभा होता. सांबा म्हणजे ती घालमेल. तिथून मूळ ठेक्यावर परत येताना बॉनम ज्या सहजतेने उतरतो ते पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखं आहे. त्यानंतरचा पेजचा सोलो घोगरा, खालच्या सप्तकाची सावली घेऊन येणारा. सुंदर म्हणता येणार नाही, पण दुसऱ्या कुणाचाही वाटणार नाही. हे गाणं अमेरिकेच्या एकल गाण्यांच्या यादीत एकविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. आणि टोटो या अमेरिकी बँडच्या १९८२च्या 'रोझॅना'चा प्रसिद्ध ठेका त्यांचा ड्रमर जेफ पोर्कारोने घडवला तो पर्डी आणि हा बॉनम यांना एकत्र आणूनच. त्याने स्वतः तसं दाखवून दिलेलं आहे. ज्या अल्बमला लोक थकलेला म्हणतात, त्यातल्या ठेक्यावर पुढच्या पिढीतले सर्वोत्तम ड्रमर अभ्यास करत होते.

'इन द इव्हनिंग'वर दोन्ही गटांचं साधारण जमतं. सुरुवातीचा तो घोंघावणारा, पहाटेच्या धुक्यासारखा आवाज सिंथेसायझरचा आहे असं बहुतेकांना वाटतं. त्यात पेजची गिटारही आहे, गिझमोट्रॉन नावाच्या यंत्रासकट. छोटी चाकं मोटरने फिरून तारांना घासतात आणि गिटार व्हायोलिनसारखी अखंड स्वर धरते. सोलो सुरू होताना जो दार आपटल्यासारखा दणका येतो, तोही गिटारचाच. म्हणजे पेज इथे गैरहजर नाही. तो ओळखू येत नाही, इतका नवं काही करतोय. याच गाण्यासाठी 'पेज कुठे आहे' असं विचारलं जातं याचं मला फार वाईट वाटतं.

'साउथ बाउंड सॉरेझ' हा पियानोवरचा खेळकर तुकडा. यातल्या सोलोत पेजची बोटं अडखळतात हे मान्य करावं लागेल. 'हॉट डॉग' ही जुन्या रॉकाबिलीची, म्हणजे कंट्री वळणाच्या सुरुवातीच्या रॉकची, नक्कल, इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या मैदानावरच्या कार्यक्रमात चालून गेली, इथे नसती तरी बिघडलं नसतं. 'आय अॅम गॉना क्रॉल'वर फारसं कुणी बोलत नाही, आणि ते चूक आहे. प्लांटच्या आवाजातला जुना सोल गायकीचा लळा इथे उघड होतो, आणि शेवटाकडे तो ज्या वेदनेने किंचाळतो त्यात अजिबात नाटक नाही.

आता 'ऑल माय लव्ह'. अर्धे लोक हे रडकं म्हणतात, अर्ध्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. गाणं प्लांटने गमावलेल्या मुलासाठी आहे हे कळल्यावर पुष्कळांचं मत बदलतं. पण पार्श्वभूमी न सांगता एखादं गाणं उभं राहतं का, हे तपासणं मला जास्त प्रामाणिक वाटतं, आणि माझ्या मते हे उभं राहतं. कारण प्लांट इथे स्वतःला आवरतो. ज्या गायकाला वरच्या पट्टीत चढायला कधी निमित्त लागलं नाही, तो इथे मध्यम सुरात, शब्द हळुवार ठेवत गातो. जोन्सचा मधला सोलो पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाचा, जवळजवळ तुतारीसारखा. त्यात एकही स्वर मिरवण्यासाठी नाही. पेज आणि बॉनम दोघांनाही या गाण्याबद्दल, विशेषतः त्याच्या ध्रुवपदाबद्दल शंका होती, आणि एकंदर अल्बम थोडा मवाळ झाला असं त्यांना वाटत होतं, हे पेजने नंतरच्या मुलाखतींत सांगितलं आहे. पुढचा अल्बम पुन्हा रिफचा आणि कडक करायचा असं दोघांचं बोलणं झालं होतं. तेव्हा 'मऊ' हा आरोप बँडच्या आतूनच आलेला आहे, आणि त्याला उडवून लावता येत नाही. मी इतकंच म्हणेन की मवाळ आणि कमकुवत हे दोन वेगळे निर्णय आहेत. 'ऑल माय लव्ह' मवाळ आहे, कमकुवत नाही.

या वादाला आणखी एक गोष्ट वाकडं वळण देते. तो पुढचा अल्बम झालाच नाही. १९८०च्या उन्हाळ्यात युरोपचा छोटा दौरा झाला, २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनम गेला, आणि डिसेंबरात बँडने थांबायचं ठरवलं. त्यामुळे 'इन थ्रू' हा आपोआप निरोपाचा अल्बम ठरला. करणाऱ्यांनी मात्र तो परत आत शिरण्याचा अल्बम म्हणून केला होता. नावातच ते आहे, बाहेर पडायच्या दाराने आत यायचं. वळणावरच्या कामाला मुक्कामाच्या कसोटीवर घासलं की ते अपुरं दिसणारच. बॉनम जगला असता आणि १९८१मध्ये एखादा कडक अल्बम आला असता, तर आज 'इन थ्रू'कडे आपण मधला प्रयोग म्हणून प्रेमाने बघितलं असतं, अशी माझी खात्री आहे.

पोलरमध्ये रेकॉर्ड झालेली आणखी तीन गाणी होती: 'ओझोन बेबी', 'डार्लीन' आणि 'वेअरिंग अँड टेअरिंग'. अल्बमवर जागा नव्हती म्हणून ती बाहेर राहिली आणि १९८२च्या 'कोडा' या उरलेल्या गाण्यांच्या संग्रहात आली. 'वेअरिंग अँड टेअरिंग' तर पंक या तेव्हाच्या नव्या, वेगवान आणि खडबडीत रॉकच्या वेगाला दिलेलं सरळ उत्तर आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा पंकने जुन्या बँडना म्हातारं ठरवून टाकलं होतं, समीक्षकही या अल्बमवर फारसे खूश नव्हते. 'हॉट डॉग' काढून तिथे हे गाणं ठेवलं असतं तर 'मऊ' हा शब्द कुणी इतक्या सहज वापरला नसता. गाण्यांची निवड अल्बमची प्रतिमा ठरवते, आणि इथे निवड चुकली असं मला ठाम वाटतं. लोकांनी मात्र तेव्हाही उचलून धरलं: अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, आणि त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांचे आधीचे सगळे अल्बमही बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या खपाच्या यादीत परत आले.

कोण कसं ऐकतं यावरही मत ठरतं. माझ्या ओळखीचे गिटार वाजवणारे या अल्बमला बहुधा तळाला ठेवतात. ड्रमर 'फूल इन द रेन'साठी सगळं माफ करतात. कीबोर्डवाल्यांना तर हा आपला वाटतो. यात कुणी खोटं बोलत नाही. प्रत्येकजण आपल्या वाद्याचं घर शोधतो आणि ते मिळालं की नाही यावर बोलतो.

कोणती आवृत्ती घ्यावी, हेही विचारलं जातं. जुन्या रेकॉर्डवर खाकी कागदाची पिशवी आणि आत सहांपैकी एक मुखपृष्ठ असायचं. बारमधला एकच प्रसंग सहा जणांच्या नजरेतून. गाणी सगळ्यांत तीच, तेव्हा मुखपृष्ठासाठी जास्त पैसे मोजायचे की नाही ते तुमच्या हौसेवर. ऐकण्यासाठी २०१५ची नवी आवृत्ती घ्या, कारण तिच्यासोबत कच्च्या मिक्सची वेगळी डिस्क आहे. त्यात 'कॅरूसेलांब्रा'चं कामचलाऊ नाव 'द एपिक' आणि 'ऑल माय लव्ह'चं 'द हूक'. पक्कं आणि कच्चं मिक्स पाठोपाठ लावून प्लांटचा आवाज कुठे बसतो एवढंच ऐकलंत, तरी मी वर काय म्हणतोय ते कळेल.

आणि झेपलिन अजून ऐकलंच नसेल, तर सुरुवात इथून करू नका. 'हाउसेस ऑफ द होली' आणि 'फिजिकल ग्राफिटी' आधी घ्या, मग 'प्रेझेन्स', आणि त्याच्या लगेच पाठीवर हा. पहिल्या खेपेला 'हॉट डॉग' गाळलंत तरी चालेल. 'फूल इन द रेन' मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ते हलके टोले तिथे पोचतच नाहीत.